मरणाला दिलेलं नाव

कोकिळेला आधी कोयनेल दिलं. वडनेर भोलजीत त्या काळी कोणाच्याही डाव्या कुशीत गोळा लागला की ती हिवतापानं सुजलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, समजायची आणि कडू औषध प्यायचं, हे ठरलेलंच होतं. कोकिळा तिशीच्या आतबाहेरची. हाडापेरानं मजबूत, वेचणीच्या दिवसांत सगळ्या बायकांच्या पुढं चालणारी. पण त्या हिवाळ्यात ती कपाशीच्या ओळीत मध्येच खाली बसू लागली. अंगावर कुठंही निळे डाग उठत. थंडीतही घामानं चोळी भिजे. कोयनेलानं कान वाजायला लागले आणि गोळा मात्र बेंबीपर्यंत सरकला.

तिचा भाऊ रमाकांत नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होता. त्याच्या सांगण्यावरून तिचा नवरा उत्तमराव तिला नांदुऱ्याहून रेल्वेनं नागपूरला घेऊन गेला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं बोटातून रक्त काढलं, काचेखाली पाहिलं आणि उत्तमरावाला बाहेर बोलावलं.

कोकिळा म्हणाली, "दुखणं माह्यं हाय. मलेही सांगा."

मग डॉक्टरनं दोघांनाही सांगितलं. रक्तातले पांढरे कण बेसुमार वाढलेत. हा रक्ताचाच आजार, मुळातून जात नाही. पण पानथरीवर यंत्रातून किरण सोडले की ती उतरते आणि माणूस पुन्हा कामाला उभा राहतो. वाढली की परत यायचं. किती वर्षं, ते मलाही माहीत नाही.

त्या किरणांना दवाखान्यातले शिपाई बिजलीचा शेक म्हणत. शेक घेऊन आणि सोमलाच्या औषधी थेंबांची बाटली घेऊन कोकिळा घरी आली तेव्हा गोळा निम्म्यावर आला होता. उत्तमरावानं डॉक्टरचं बोलणं आईला जसंच्या तसं सांगितलं.

त्याची आई रुक्मिणीबाई. मोठ्या तापाच्या साथीत तिच्या दोन तरण्या लेकी एका आठवड्यात गेल्या होत्या. त्यानंतर वर्षाच्या आत कोकिळा सून म्हणून घरात आली. कोकिळेला मूल झालं नाही, पण त्यावरून सासूनं कधी तोंड वाकडं केलं नाही. सुनेची वेणी ती स्वतः घालायची. मुलाचं बोलणं तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दमणी जुंपायला लावली आणि मोताळ्याच्या पुढं, डोंगराकडच्या एका खेड्यात गेली. तिथं एक भगत होता.

भगतानं सांगितलं ते आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मरणानं नाव घेतलंच आहे, तर नाव देऊन टाका. सुनेच्या मापाचं शरीर करा, तिचं लुगडं नेसवा, तिचे केस लावा आणि मसणात नेऊन जाळा. दहावं-तेरावं करा. पुढं वर्षभर तिला नावानं हाक मारायची नाही, तिच्याशी बोलायचं नाही, चारचौघांत येऊ द्यायचं नाही. मरण पुन्हा आलं तर या नावाची बाई गेली म्हणून परत जाईल.

उत्तमराव कोकिळेला हे सांगताना खाली बघत होता. "तुले पटत नसल तर नाही करायचं," तो म्हणाला.

"आत्याबाई काय म्हनतात?" सासूला ती आत्याबाई म्हणे.

"तिनं दोन दिसांपासून जेवन नाही केलं."

"मंग करा. मराचं सोंगच तर आनाचं हाय."

शरीर रुक्मिणीबाईनंच केलं. कडब्याचा सांगाडा, त्यावर कणकेचा लेप. भर दुपारी, दार लोटून, ओसरीच्या आत ती करत बसली आणि कोकिळा तिला पाणी देत होती. कोकिळेच्या लग्नातलं हिरवं लुगडं त्याला नेसवलं. तिच्या वेणीतून कापलेले केस लावले. कपाळावर मळवट भरला. डोळे, नाक, ओठ बोटानं दाबून काढले तेव्हा कोकिळेला वाटलं, मी इतकी देखणी कधी होती? रुक्मिणीबाईनं कणकेचा गाल अंगठ्यानं सारखा केला. मग तिनं तो गाल हातात धरला आणि रडायला लागली.

कोकिळा तिच्या मागंच उभी होती. "आत्याबाई, मी इथं आहो," ती म्हणाली. सासूनं वळून पाहिलं नाही. वर्ष सुरू झालं होतं.

तिरडी उन्हातच निघाली. मागच्या खोलीच्या झरोक्यातून कोकिळेनं माणसं जाताना पाहिली. गावातल्या बहुतेकांना हा भगताचा विधी आहे हे ठाऊक होतं, तरी बायांनी गळा काढला आणि तो खोटा वाटत नव्हता. ती स्वतःचं गुणगान ऐकत बसली. हात किती चालायचा, बोलणं किती गोड. जिवंतपणी यातलं तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

पहिले काही दिवस तिला गंमत वाटली. काम नाही, बोलणं नाही. मागच्या खोलीच्या दाराशी भाकरीची थाळी यायची. ठेवणारा हात दिसायचा, तोंड दिसायचं नाही. उत्तमराव गोठ्यात झोपू लागला. अंगणात चुकून समोर आला तर तिच्या खांद्यावरून पलीकडं बघायचा, जसं मागं कोणी उभं आहे. तीही मग मागं वळून बघायची.

फाल्गुन सरला, उन्हं तापली. वऱ्हाडातल्या त्या दुपारी गाव मेल्यासारखं पडतं. पाखरू बोलत नाही. घरातले सगळे आडवे झाले की कोकिळा बाहेर येऊन घरभर फिरायची. पाय वाजू नयेत अशी चालायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा शेजारची शालूबाई विरजणाची नेलेली वाटी परत द्यायला मागच्या दारानं आली आणि अंगणात कोकिळेला बघून तिच्या हातातली वाटी पडली. विधी ठाऊक असलेली बाई, सोंग आहे हे जाणणारी. तरी ती पळाली आणि तापानं फणफणली.

तेव्हापासून कोकिळेलाही शंका येऊ लागली. ती गळ्यावर बोटं ठेवून बघायची, काही उडतं का. थेंब घेणं तिनं सोडलं. मेलेल्या बाईला औषध कशाला? जेवण अर्धं परत जाऊ लागलं. गोळा पुन्हा फुगत होता, बसलं की मांडीला लागत होता, पण तो कोणा दुसरीच्याच पोटात आहे असं तिला वाटे. एके दुपारी आपला आवाज आठवेना म्हणून तिनं रिकाम्या रांजणात तोंड घालून नाव घेतलं. कोकिळा. आतून आवाज आला. पण तो लगेच आला नाही. कोणी विचार करून ओ द्यावी तसा, थोड्या वेळानं आला.



मग ती दुपार आली. मागच्या खोलीत पडल्या पडल्या तिला स्वयंपाकघरातून सासूचं बोलणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी तो मायेचा सूर कानावर पडला. "घे माय कोकिळे, गरम हाय तोवर खा. वाळली किती." कोकिळा उठली. तिचे डोळे भरून आले. भिंतीला धरत धरत ती दारापर्यंत गेली.

रुक्मिणीबाई चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी मोडून, त्यावर तेल-तिखट घालून थाळी पुढं सरकवली होती. समोर पाट मांडला होता. पाटावर कोणी नव्हतं. सासू त्या जागेकडं बघून हसत होती, लेकीकडं बघावं तशी.

"आत्याबाई," कोकिळा म्हणाली.

रुक्मिणीबाईनं मान वर केली. तिची नजर कोकिळेच्या अंगातून आरपार दाराबाहेरच्या उन्हात गेली. तिनं ओठांवर बोट ठेवलं, पाटाकडं वळली आणि हळू म्हणाली, "तू जेव. कोनी नाही."

मरणाचं भय कोकिळेला नागपूरला वाटलं होतं, पण ते ओळखीचं भय होतं. हे निराळंच. ती जिवंत असतानाच तिची जागा कोणीतरी घेतली होती, आणि सासूची माया त्या जागेला मिळत होती. तिच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. ती सरळ पुढच्या दारानं बाहेर पडली. चौकात निंबाखाली उत्तमराव दोन-चार माणसांत बसला होता. माणसं उठून मागं सरली.

"मले नागपूरले जाचं हाय," ती म्हणाली. "तुमाले बोलाचं नसल तर बोलू नका. दमणी जुंपा."

उत्तमराव तिच्याकडं बघत राहिला. तिच्या खांद्यावरून पलीकडं नाही, तिच्याकडं. मग तो उठला आणि त्यानं बैल जुंपले.

नांदुऱ्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. स्टेशनावर तिकिटवाल्यानं विचारलं, "किती?" आणि त्याच्या तोंडून आवाज निघेना. तिकिटवाल्यानं पुन्हा विचारलं.

"दोन," उत्तमराव म्हणाला.

डॉक्टर रागावला. इतका उशीर पुन्हा केला तर यंत्राचा उपयोग नाही, म्हणाला. उत्तमराव तिला ठेवून पेरणीच्या तयारीसाठी परत गेला आणि कोकिळा महिनाभर रमाकांताकडं राहिली. शेकाच्या खोलीबाहेर बाकावर तिला रोज एक बाई भेटायची. कौशल्याबाई, धाडची. कधीकाळी चांगली जाडजूड असावी. आता कातडी सैल झाली होती, पण आवाज तेवढाच. तिलाही हाच आजार होता आणि कोकिळेपेक्षा कितीतरी जुना. तिचं बोलणं जालन्याकडचं, 'मले' ऐवजी 'मला' म्हणायची.

"तुमी इतके दिवस कशा राह्यल्या?" कोकिळेनं विचारलं.

"भांडून," कौशल्याबाई म्हणाली. "घरचे मला जपायला लागले ना, तवा मी घाबरले. समदे हळू बोलायचे, मी आले की गप व्हायचे. मंग मी सकाळी उठून कोणाशी तरी भांडायचं धरलं. झाडू कुठं टाकला, ताक आंबट का झालं. समोरचं माणूस उलटून बोललं की मला कळतं, मी हाय."

"अन् ज्या दिशी भांडाचा दम नसते?"

"त्या दिशी रडते. पण चुलीपाशी बसून, समद्यांच्या मधी. कोपऱ्यात जाऊन नाय."

कोकिळा हसली. हसताना गोळा दुखला, तरी हसली. मग तिनं कणकेच्या शरीराची सगळी हकीकत सांगितली. कौशल्याबाई या एकाच वेळी गप्प राहिली. शेकासाठी तिचं नाव पुकारलं तेव्हा उठता उठता म्हणाली, "तुझं नाव दिलं, लुगडं दिलं, सासूचं रडणं दिलं. एवढं मिळाल्यावर ती कणकेची कशाला जाईल गं?"

पानथरी उतरली. अंगात थोडं रक्त आल्यासारखं वाटू लागलं. भावजयीशी तिनं मिठावरून एकदा भांडूनही पाहिलं, आणि भावजय उलटून बोलली तेव्हा तिला बरं वाटलं.

उत्तमराव नांदुऱ्याला न्यायला आला. या वेळी तो बोलत होता. पेरणी, बैल, कोणाकडं लग्न. पण घर जवळ येऊ लागलं तसा तो थांबला.

"तुले एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "तू गेली तवापासून घरात दळन तयार सापडते. मायच्यानं जातं ओढवत नाही, तुले ठावं हाय. दुपारी मी गोठ्यात असतो, आतून जात्याचा आवाज येते. आत गेलं की कोनी नाही. पीठ असते."

"आत्याबाई काय म्हनतात?"

"म्हनते, कोकिळा दळून राह्यली."

घरात पाऊल टाकलं तेव्हा रुक्मिणीबाई ओसरीवर वाती वळत होती. कोकिळा तिच्या पाया पडली. सासूनं वातीवरची नजर न काढता विचारलं, "कोन वं तू?"

"कोकिळा."

"थे तर घरातच हाय. कुठीच गेली नाही."

कोकिळेनं ते ऐकून घेतलं. मागच्या खोलीत जायच्या ऐवजी तिनं आपली वळकटी माजघरात टाकली, सगळ्यांच्या वाटेत. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हानं गाव पाडलं, तेव्हा ती जागीच होती. जातं माजघराला लागून असलेल्या खोलीत होतं. आधी दाणे पडल्याचा आवाज आला. मग दगड फिरू लागला, सावकाश, रोजच्या सवयीनं.

 कौशल्याबाई असती तर काय केलं असतं, ते तिला ठाऊक होतं. पण कौशल्याबाईची असल्याशी कधी गाठ पडली नव्हती. कोकिळा उठली, दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. जातं फिरत होतं. ती आत आल्यावर ते मंदावत गेलं आणि थांबलं. जात्याभोवतीच्या पाळीत पीठ सांडलं होतं. तिनं हात लावला. पीठ गरम होतं. पलीकडं जमिनीवर, जिथं दळणारी बसते, तिथली धूळ पुसलेली होती.

ती अलीकडच्या बाजूनं बसली. एक पाय लांब केला आणि खुंट्याला हात घातला.

"माह्यं नाव घेऊन बसली काऊन?" ती म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिनं तो मुद्दाम चढवला. "लुगडं नेलं, ने. केस नेले, ने. दुखनं तर नेलं नाही? थे माह्याजवयच ठेवलं. मंग नावही माह्याजवयच राहीन. कोकिळा मी आहो. तुले राहाचं असल तर राह्य, तुले काढाले मी भगत आननार नाही. पन आत्याबाईच्या हाकेले ओ मी देईन."

 तिनं मूठभर जवारी घातली आणि जातं ओढलं. वजनाची तिनं तयारी ठेवली होती. पण दगड हलका फिरला. दोघीजणी समोरासमोर बसून दळतात तेव्हा फिरतो तसा. पलीकडून कोणीतरी आपल्या वाटणीचं ओढत होतं. कोकिळेनं हात सोडला नाही.

आवाज ऐकून रुक्मिणीबाई दारात आली. तिनं कोकिळेकडं पाहिलं, मग समोरच्या जागेकडं, पुन्हा कोकिळेकडं. तिचा चेहरा गोंधळला.

"कोकिळे," ती म्हणाली.

"काय, आत्याबाई?"

सासू थोडा वेळ समोरच्या जागेकडं कान देऊन उभी राहिली. तिकडून काही आलं नसावं. "पानी दे वं माय," ती शेवटी म्हणाली, आणि या वेळी ती कोकिळेच्या डोळ्यांत बघत होती.

कोकिळेनं उठून पाणी दिलं. सासूच्या हाताला तिचा हात लागला तसा रुक्मिणीबाईनं तो धरून ठेवला आणि कितीतरी वेळ चाचपत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोकिळा घागर घेऊन विहिरीवर गेली, उन्हं वर आल्यावर, सगळ्या बाया असताना. एकेकीला नावानं हाक मारून तिनं बोलायला लावलं. शालूबाई मागं सरली तर तिला म्हणाली, "वाटी टाकून गेली होती ना, चेपली थे. भरून दे." शालूबाईनं आधी तोंड उघडलं ते रडण्यासाठी, पण मग म्हणाली की वाटी आधीपासूनच चेपलेली होती. दोघी त्यावरून चांगल्याच भांडल्या.

भगताचा निरोप आला, वर्ष मोडलं, आता ही महिना काढत नाही. उत्तमराव हादरला. कोकिळा म्हणाली, "डॉक्टरही सांगत नाही किती दिस. याले कसं समजलं?" महिना गेला. पुढचे कितीतरी गेले. पानथरी वाढली की ती नागपूरला जायची, शेकानं पोटाची कातडी काळी पडली होती. चांगल्या दिवसांत ती शेतात जायची. वाईट दिवसांत माजघरात मधोमध पडून राहायची आणि दुखलं की मोठ्यानं सांगायची. घरच्यांना आधी ते जड गेलं, मग सवय झाली. भीती वाटायची तेव्हा भीती वाटते म्हणायची. उत्तमराव जवळ बसायचा. त्यालाही वाटते, असं तो एकदा म्हणाला, आणि त्या दिवशी दोघांना गाढ झोप लागली.

नागपूरची वारी ती आणि कौशल्याबाई ठरवून एकाच वेळी करायच्या. एका खेपेला बाकावर कौशल्याबाईचा दीर एकटाच बसला होता. औषधाच्या रिकाम्या बाटल्या परत द्यायला आला होता. कोकिळा धाडला जाऊन तिच्या घरच्यांना भेटून आली. त्यानंतर बरेच दिवस ती कोणाशी भांडली नाही. घरातल्यांना ते सोसेना, शेवटी उत्तमरावानंच भाकरी जाड झाली म्हणून कुरबूर काढली.

जात्याचा आवाज दुपारी अधूनमधून यायचा. कोकिळा अंथरुणाला असली की जास्त. दळण घरातल्या डब्यात जायचं, भाकरी सगळे खायचे. 

रुक्मिणीबाई थकली आणि एका वैशाखात तिनं अन्न सोडलं. भर दुपारची वेळ होती. उत्तमराव पायांशी बसला होता, कोकिळेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रुक्मिणीबाईनं डोळे उघडले. आधी वर कोकिळेकडं पाहिलं, मग डाव्या बाजूला, भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडं.

"दोघी बी आल्या," ती म्हणाली. "जवय बसा."

उत्तमरावानं भिंतीकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. त्यानं बायकोकडं पाहिलं.  सासूचं डोकं हलणार नाही अशी जपून कोकिळा थोडी उजवीकडं सरकली, आणि डावीकडं एका माणसापुरती जागा केली.

सासूचं तेरावं आटोपल्यावर कोकिळा नागपूरला गेली. पानथरी पुन्हा वाढली होती.